कबुली दिल्यानंतर



आजचा लेख नेहमीपेक्षा लांबला आहे, सांभाळून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्यापैकीच एक माता आमच्या निवासाच्या ओट्यावर येऊन बसली. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कोर्टाचे कागद. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘फादर, पोरानं कोर्टात आपल्या तोंडानं गुन्हा कबूल केलाय. आता वकील म्हणतात अपील करू. कबूल केल्यावर पुन्हा वर जायचं म्हणजे देवाशी खोटं बोलल्यासारखं नाही का होणार? शेजारीण तर तोंडावर म्हणाली, चोर तो चोर, वर शिरजोर.’’

एरवी ओट्यावरच्या प्रश्नांना आम्ही लगेच उत्तर देतो, कधीकधी जरा जास्तच लगेच. या वेळी ‘विचार करून सांगतो’ असे म्हणून तिला परत पाठवले. कारण त्या कबुलीत आमचाही हात होता.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. येथे जे लिहीत आहोत ते पापनिवेदनात ऐकलेले नाही. त्या संस्कारात ऐकलेले कोणत्याही कारणाने, कोणाच्याही परवानगीने पत्रकात येऊ शकत नाही. ही हकीकत ओट्यावर सांगितली गेली. आई आणि मुलगा या दोघांनी ‘लिहा, दुसऱ्या कोणाच्या पोराच्या कामी येईल’ असे म्हटल्यावरच ती लिहीत आहोत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा आयटीआय करून शेजारच्या जिल्ह्यात कामाला लागला होता. दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता. एका रात्री तिघेही त्याच्या स्कूटरवरून येत असताना पोलिसांनी अडवले आणि डिकीत अर्ध्या किलोच्या आतले गांजाचे पुडके निघाले. स्कूटर याची, पुडके मित्राचे. त्याला ते ठाऊक होते का? तो म्हणतो, नव्हते. मात्र आधी दोनतीन वेळा त्या खोलीत त्याने त्या मित्रांबरोबर गांजा ओढला होता, आणि ‘ओव्हरटाइम होता’ असे आईला खोटे सांगितले होते. जामिनावर सुटून घरी आला तेव्हा ही गोष्ट त्याला आतून खात होती. आम्ही त्याला जवळ बसवून म्हटले, ‘‘बाळा, खरं ते सांगून टाक. कबूल केलं की मन हलकं होतं. देव पाठीशी आहे.’’

आम्ही बोलत होतो ते देवासमोरच्या कबुलीबद्दल. त्याच्या डोळ्यांसमोर होती कोर्टाची तारीख. तिकडे त्याला आणखी कोणीतरी सांगितलेच होते की कबूल केलेस तर दंडावर सुटशील, नाहीतर वर्षानुवर्षे तारखा भरत बसशील. धर्मगुरू आणि व्यवहारी माणूस दोघेही एकच सल्ला देत आहेत म्हटल्यावर पोराने दुसरा विचार केला नाही. पुढच्या तारखेला तो ‘कबूल आहे’ म्हणाला. दंड झाला, तो त्याच दिवशी भरला. आईने पेढे आणले. आम्हीही एक पेढा खाल्ला.

दोन वर्षांनी नाशिकच्या एका कारखान्यात कायम नोकरीची संधी आली. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आणि कागदावर दोषसिद्धी उमटली. नोकरी गेली. दंड भरून जे संपले असे आपण समजत होतो, ते तेथून सुरू झाले होते.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येऊ. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की उत्तर देण्याआधी प्रश्न नीट तपासावा. हा प्रश्न तपासताना लक्षात आले की एकाच ‘कबुली’ या शब्दाने आपण दोन वेगळ्या कृती बांधून ठेवल्या आहेत.

प्रायश्चित्त संस्कारात आपण काय करतो? आपल्या शब्दांत, आपल्या आठवणीने, आपण केलेले सांगतो. ज्याच्यासमोर सांगतो त्याला ते आधीच माहीत असते. त्याला पुरावा नको असतो, आपण परत यावे एवढेच हवे असते. म्हणूनच तेथे ‘मी पापी आहे’ हे वाक्य पूर्ण खरे असते. न्यायालयात शब्द आपले नसतात. कायद्याच्या कलमात बसवलेला, दुसऱ्याने लिहिलेला आरोप आपल्याला वाचून दाखवला जातो आणि त्या आरोपाला ‘होय’ की ‘नाही’ एवढेच विचारले जाते. समोर बसलेला न्यायाधीश सर्वज्ञ नसतो. त्याला घडलेले माहीत नसते आणि ते शोधून काढणे हेच तर त्याचे काम असते. आपल्या मुलाला न्यायालय विचारत होते, ‘हा गांजा तुझ्या ताब्यात होता, हे कबूल आहे का?’ त्याने ऐकला तो प्रश्न होता, ‘तू चुकलास का?’ दुसऱ्या प्रश्नाचे ‘होय’ त्याने पहिल्या प्रश्नाला देऊन टाकले.

आणि कायद्याला हा फरक महत्त्वाचा वाटतो. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, वर्तमानपत्रे ज्याला एनडीपीएस म्हणतात, फार कडक आहे. गांजाचे १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प मानतात, २० किलोपासून पुढचे व्यापारी. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे, वीस वर्षांपर्यंत. या कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार न्यायालय आरोपीचा हेतू आणि त्याची जाणीव गृहीत धरून चालते, म्हणजे ‘मला ठाऊकच नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. भार मोठा असला तरी संधी आहे. गुन्हा कबूल केला की ती संधीच उरत नाही. ज्या एका मुद्द्यावर हा मुलगा कदाचित निर्दोष होता, त्या मुद्द्याला त्याच्या खटल्यात कोणी हातच लावला नाही.

कबुलीनंतर अपिलाचा दरवाजाही अगदी अरुंद होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७५ व्या कलमात (१ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१६ वे कलम आहे) म्हटले आहे की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरून त्याला शिक्षा झाली, तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही एवढ्यापुरतेच अपील करता येते. दोषी की निर्दोष हा विषय बंद. शेजारणीचे म्हणणे कायद्याने बरेचसे उचलून धरले आहे, असे म्हणावे लागेल. आणि त्यामागे शहाणपण नाही असेही नाही. आज होय आणि उद्या नाही म्हणणाऱ्यांसाठी न्यायालये अखंड उघडी ठेवली, तर जे खरोखर न्याय मागत उभे आहेत त्यांची पाळी कधी येणार?

पण याच कायद्याने एक खिडकी ठेवली आहे. छोट्या गुन्ह्यांच्या खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केला तर दंडाधिकाऱ्याने ती कबुली शक्य तितक्या आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असा नियम इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला आहे. साठच्या दशकात महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो मद्रासच्या नशाबंदी कायद्याखालचा होता. त्या कायद्यात दारूबरोबर मादक द्रव्येही होती. खालच्या न्यायालयात कबुलीवरून शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा नियम म्हणजे नुसता उपचार नव्हे. माणसाच्या अपिलाचा हक्क त्याने गुन्हा कबूल केला की नाही यावर अवलंबून असतो, म्हणून त्याचे शब्द, त्याच्या भाषेत, जमतील तितके जसेच्या तसे नोंदवलेच पाहिजेत. नाहीतर गैरसमज कोठे झाला हे कोणाला कसे कळणार?

आपल्या मुलाच्या कागदांत काय आहे? छापील नमुन्यावर एक ओळ: ‘आरोपीने गुन्हा कबूल केला.’ तो काय म्हणाला, कोणत्या शब्दांत म्हणाला, त्याला काय विचारले होते, यांपैकी काही नाही. वकिलांना अपिलाची जागा दिसली ती याच ओळीत.

सौदेबाजीच्या कबुलीबद्दल सर्वोच्च न्यायालय एकेकाळी फार कठोर होते. १९७६ साली मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खाद्यतेलातील भेसळीच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी या प्रकारावर कोरडे ओढले, कारण तेथे कबुलीच्या बदल्यात नाममात्र शिक्षा पदरात पडली होती. १९८० मध्ये गुजरातच्या कासमभाई शेख या अन्नभेसळीच्याच खटल्यात न्यायालयाने नाण्याची दुसरी बाजू पाहिली: सौम्य शिक्षेच्या आमिषाने मिळवलेली कबुली ही कबुलीच नव्हे, निर्दोष माणूससुद्धा कटकट टळावी म्हणून ‘होय’ म्हणून मोकळा होईल. तो खटला पुन्हा चालवण्यासाठी परत पाठवण्यात आला. पुढे २००६ पासून काही अटींवर अशा तडजोडीला कायद्यानेच जागा करून दिली. काळ बदलला, पण ‘दंडावर सुटशील’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात तेव्हाही होते आणि आजही आहे.

हा प्रश्न आपल्या मुलखापुरता नाही. अमेरिकेत दहापैकी नऊहून अधिक दोषसिद्धी खटला न चालता, कबुलीवरच होतात. बॉस्टनच्या शासकीय प्रयोगशाळेतील एक रसायनतज्ज्ञ बाई कित्येक नमुने न तपासताच ‘अमली पदार्थ आहे’ असा अहवाल देत असे. हे उघडकीस आल्यावर २०१७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या हाताखालून गेलेले २१,००० हून अधिक खटले रद्द केले. त्यांत गुन्हा कबूल केलेले लोक पुष्कळ होते. त्यांनी का कबूल केले असेल? सरकारी कागद म्हणतो पुडीत अमुक आहे, वकील म्हणतो लढलास तर जास्त वर्षे जातील, आणि खिशातली पुडी खरोखर कशाची हे त्या बिचाऱ्यालाही छातीठोकपणे माहीत नसते. जे आपल्याला माहीतच नाही ते आपण कबूल करू शकतो का? तर्कशास्त्राच्या पेपरात घालावा असा हा प्रश्न आहे.

त्याच वर्षी, २०१७ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ली या कोरियन माणसाचे प्रकरण आले. तो तेरा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर त्या देशात गेला, मोठा झाल्यावर मेंफिस शहरात उपाहारगृहे चालवू लागला आणि अमली गोळ्या विक्रीसाठी बाळगल्याच्या आरोपात त्याने गुन्हा कबूल केला. त्याच्या बाबतीत पुरावा भक्कम होता. त्याने वकिलाला पुन्हा पुन्हा एकच विचारले होते: मला देशाबाहेर तर काढणार नाहीत ना? वकील म्हणाला, नाही. ते चुकीचे होते. त्या गुन्ह्याला हद्दपारी जवळजवळ अटळच होती. न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. कबुली देताना आपण काय गमावणार आहोत हे माणसाला माहीत असले पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. येथे लक्षात घेण्यासारखे म्हणजे लीला कोणी साधू ठरवले नाही. त्याने केलेले न्यायालयाने पुसून टाकले नाही, फक्त त्याची ‘होय’ अजाणतेपणाची होती एवढेच मान्य केले.

आणि ज्यांनी ‘होय’ म्हटलेच नाही असे आपल्याकडचे एक दांपत्य आहे. मुंबईचे हे नवरा-बायको जुलै २०१९ मध्ये कतारला गेले. एका नातेवाईक बाईने ‘जर्दा आहे’ म्हणून सामानात दिलेल्या पाकिटातून दोहा विमानतळावर चार किलोहून अधिक चरस निघाले. प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, मुलीचा जन्म तुरुंगात झाला. इकडे त्यांच्या घरच्यांनी पिच्छा पुरवला, आपल्या अमली पदार्थविरोधी विभागाने तपास केला, तेथील वरिष्ठ न्यायालयाने फेरसुनावणी करायला सांगितली आणि मार्च २०२१ मध्ये दोघे निर्दोष सुटले. पिशवी आमची, पण आतल्याची आम्हाला कल्पना नव्हती, हे त्यांचे म्हणणे ते अखेरपर्यंत मांडू शकले. आपल्या मुलाचेही म्हणणे नेमके हेच आहे. ते त्याने मांडले नाही, आणि न मांडण्यात आमच्या सल्ल्याचा वाटा आहे.

पवित्र शास्त्र काय दाखवते? यहोशवाच्या पुस्तकात आखानाची कथा आहे. लुटीतला झगा, चांदी आणि सोने त्याने लपवले. यहोशवाने त्याला मुला म्हणून हाक मारली आणि देवाला मान देऊन खरे सांगायला सांगितले. त्याने सारे सांगितले. ही कथा वाचताना पुढच्या एका वाक्याकडे आपले लक्ष जात नाही: यहोशवाने माणसे धाडली, ती धावत तंबूत गेली आणि वस्तू तेथे आहेत याची त्यांनी खात्री केली. देवाच्या नावाने घेतलेली कबुलीसुद्धा त्याने पडताळून पाहिली! (पुढे आखानाचे आणि त्याच्या घरादाराचे जे झाले ते वाचवत नाही, तो विषय वेगळा.)

दुसरे उदाहरण संत पौलाचे. कैसरियात फेस्तासमोर उभे राहून तो म्हणतो की मरणदंडाला योग्य असे मी काही केले असेल तर मी मरायला नाही म्हणत नाही, पण यांचे आरोप खरे नसतील तर मला यांच्या हाती कोणी देऊ शकत नाही. आणि तो कैसराकडे दाद मागतो. हाच पौल तिमथ्याला लिहिताना स्वतःला पाप्यांतला पहिला म्हणवतो. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत आणि त्याला त्यांत विसंगती वाटली नाही. देवापुढे मी पापी आहे, आणि या आरोपात मी दोषी नाही. पौलाला जे एकाच वेळी म्हणता आले, ते आम्ही आपल्या मुलाला म्हणू दिले नाही.

आमच्या ख्रिस्तसभेचा इतिहास या बाबतीत निष्कलंक आहे असे मुळीच नाही. ८६६ साली पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या लोकांना लिहिले होते की मारझोड करून घेतलेली कबुली निरर्थक आहे, कबुली स्वेच्छेने यायला हवी. आणि १२५२ साली पोप चौथे इनोसंट यांनी पाखंड्यांच्या चौकशीत छळाला परवानगी दिली. चार शतकांत आपण पुढे जाण्याऐवजी मागे गेलो. आज ख्रिस्तसभेच्या कायद्यात, १७२८ व्या कलमात, स्पष्ट लिहिले आहे की आरोपीवर गुन्हा कबूल करण्याचे बंधन नाही आणि त्याला शपथही घालता येत नाही. जी ख्रिस्तसभा प्रायश्चित्त संस्कारात प्रत्येक गंभीर पाप सांगायला लावते, तीच आपल्या न्यायासनासमोर ‘कबूल कर’ असे बंधन घालत नाही. हे कलम आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. ओट्यावर त्या मुलाला सल्ला देताना आठवले नाही.

येथपर्यंत वाचून आपल्यापैकी काही जण म्हणतील, फादर आता नशेबाजांची वकिली करू लागले. त्यांचा राग आम्हाला समजतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडी बनवणारा कारखाना पकडला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक आई हादरली होती. हे विष बनवणारे आणि विकणारे यांच्याबद्दल आमच्या मनात काडीची दया नाही... नाही, हे वाक्य चुकले, दया असायला हवी. पण त्यांना मोकळे सोडा असे कोणीही म्हणत नाही. मोठे मासे सहसा कबुली देत नाहीत, त्यांच्याकडे वकील असतात. दंडावर सुटण्यासाठी ‘होय’ म्हणतो तो द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बाईचा मुलगा, कारण एका तारखेला आईचा एक दिवसाचा रोज बुडतो.

आता अवघड भाग. ज्याने खरोखर केले आहे, समजून उमजून कबूल केले आहे, त्याने अपील करावे का? संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात आरोपीच्या पापांवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे आणि त्यात अपिलावरही विचार केला आहे. ते म्हणतात, आपल्यावर अन्याय झाला आहे असे मानून अपील करणे योग्य आहे. नुसता वेळ काढण्यासाठी, न्याय लांबवण्यासाठी केलेले अपील मात्र अयोग्य आहे, तसे करणारा न्यायाधीशाचा वेळ खातो आणि दुसऱ्या पक्षाचे नुकसान करतो. आणखी एक भेद ते करतात आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो: जे सांगण्याचे आपल्यावर बंधन नाही ते न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. पहिले आरोपीला चालेल, दुसरे चालणार नाही. (रीतसर विचारल्यावर मात्र आरोपीने खरे सांगितलेच पाहिजे असे थॉमस म्हणतात. आपल्या राज्यघटनेचे २० वे कलम, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको म्हणणारे, त्यांना रुचले नसते. येथे आम्ही राज्यघटनेच्या बाजूने आहोत. न्यायाधीश प्रामाणिक असतीलच हे धरून थॉमस लिहीत होते. त्यांनी कोठडी पाहिली नव्हती.)

म्हणून दोषी माणसालाही शिक्षेच्या मापाविषयी दाद मागायचा हक्क आहे असे आमचे मत आहे. अर्धा किलोचा गुन्हा आणि वीस किलोची शिक्षा हा अन्यायच, मग गुन्हा खरा का असेना. पण केले असून ‘मी केलेच नाही’ म्हणणे, तेही शपथेवर, हे पाप आहे. ते वकिलाने लिहून दिले म्हणून सही करणाऱ्याचे राहत नाही असे नाही.

त्या मातेला आम्ही हे सगळे एवढ्या शब्दांत सांगितले नाही. तिला म्हटले, ‘‘ताई, पोरानं देवापुढं कबूल केलं ते वेगळं आणि कोर्टापुढं कबूल केलं ते वेगळं. देवापुढचं त्यानं मागं घ्यायचं नाही. कोर्टापुढचं त्याला न समजता गेलं असेल, तर ते दुरुस्त करणं हे खोटं नव्हे.’’ आणि आमचा सल्ला चुकला होता हेही सांगितले. ती म्हणाली, ‘‘फादर, तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं.’’ त्याने आम्हाला जास्तच वाईट वाटले.

व्यवहाराचे दोन शब्द येथेच लिहून ठेवतो. सत्र न्यायालयात अपील करायची मुदत साधारण ३० दिवसांची असते, उच्च न्यायालयात ६० दिवसांची. उशीर झाला तर कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करावी लागते, ती मान्य होईलच असे नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि गरीब यांना मोफत वकील मिळू शकतो. कोणाच्या घरावर असा प्रसंग आला तर कृपया कोर्टात तोंड उघडण्यापूर्वी तेथे जावे. आमच्याकडेही यावे, पण आधी तेथे.

अपिलाचा मसुदा तयार झाला तेव्हा मुलगा तो घेऊन निवासावर आला. आम्ही दोघांनी मिळून वाचला. कबुली कशी घेतली गेली, त्याला काय समजले, पुडके कोणाचे होते, सारे ठीक लिहिले होते. नवव्या परिच्छेदात एक वाक्य होते: अपीलदाराने आयुष्यात कधीही कोणत्याही अमली पदार्थाचे सेवन केलेले नाही. तेथे तो थांबला. आम्ही काही बोललो नाही. बोलून एकदा चुकलो होतो.

बराच वेळ तो तो कागद धरून बसला. मग म्हणाला, ‘‘फादर, हे वाक्य नसलं तर अपील पडेल का?’’ आम्ही म्हटले, ते वकिलांना विचारावे लागेल. त्याने टेबलावरचे पेन घेतले, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वकिलांना फोन लावला. ते रागावले असावेत, कारण तो बराच वेळ नुसता ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणत होता. शेवटी म्हणाला, ‘‘साहेब, तेवढं नका लिहू. त्याच्याबद्दल काहीच नका लिहू, पण तेवढं नका लिहू.’’

अपील दाखल झाले आहे. उशीर माफ होतो की नाही यावर सध्या सुनावणी चालू आहे. पुढची तारीख द्राक्षछाटणीच्या दिवसांतच पडली आहे. आईचा रोज बुडू नये म्हणून या वेळी तिच्याऐवजी आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत, त्यामुळे त्या दिवशी सकाळची मिस्सा साडेसहाऐवजी सहा वाजता होईल.